आजोबांच्या क्रॉसची मागची बाजू

कोंबडीचं सूप संपून भाजलेलं बदक येईपर्यंत जेवणाच्या टेबलावर जी शांतता पडते, तिच्यात शहाण्या माणसाने पावाचे तुकडे मोडत बसावं. लुदोमिर पाचोरेक एरवी शहाणेच होते. लिपोवाच्या पाणीपुरवठा कचेरीत ते मीटर विभागाचे उपप्रमुख. प्रमुख कधी नेमलाच गेला नव्हता, त्यामुळे काम सगळं त्यांचं आणि मान रिकाम्या खुर्चीचा, अशी वाटणी वर्षानुवर्षं चालली होती. अशी माणसं घरी बोलतात, बाहेर बोलत नाहीत. पण त्या रविवारी ते होणाऱ्या व्याह्यांच्या घरी जेवायला बसले होते, आणि व्याही होते कर्नल रोमुआल्द तोपोल्स्की.

कर्नलसाहेबांनी लढाई पाहिलेली नव्हती, कोठारं पाहिली होती. सैन्याला पायमोजे पुरवणाऱ्या खात्यातून ते निवृत्त झाले होते, आणि पायमोज्यांत जे शौर्य दाखवता आलं नाही ते त्यांनी काचेच्या पेट्यांत गोळा केलं होतं. बैठकीच्या खोलीत भिंतीभर जुनी लष्करी सन्मानचिन्हं: क्रॉस, तारे, पलटणींचे बिल्ले, विटलेल्या फिती. त्यातलं एकही स्वतःच्या घराण्यातलं नव्हतं. पण प्रत्येकाची कुळकथा त्यांना पाठ होती, आणि सूप संपल्यावर ते ती सांगू लागले. बोगुमिलाबाई टेबलाखालून नवऱ्याच्या पायावर पाय देत होत्या. मुलीचं लग्न ठरलेल्या घरी आपल्या बाजूनं काहीच बोललं जात नाही, हे त्यांना सहन होत नव्हतं. शेवटी लुदोमिरराव बोलले.

"आमच्या आजोबांचा आहे एक. व्हिर्तुती मिलितारी. बोल्शेविकांशी लढलो तेव्हाचा."

कर्नलसाहेबांचा काटा हवेत थांबला. पोलिश सैनिकाला याहून मोठा मान नाही, आणि त्यांच्या पेट्यांत तो क्रॉस एकच होता, मधोमध, स्वतंत्र दिव्याखाली. त्यांनी काटा खाली ठेवला, रुमालाने मिशी पुसली आणि फार सौम्य आवाजात विचारलं, "मागची बाजू पाहिलीय?"

"म्हणजे?"

"समोरून सगळे सारखेच, लुदोमिरराव. गरुड, हिरवी माळ, अक्षरं. मागे नंबर असतो. नंबर असला की माणूस सापडतो. नसला की..."

बदक आलं, म्हणून वाक्य अर्धं राहिलं. पण बदक खाताना कर्नलसाहेबांनी ते निराळ्या वाटेनं पुरं केलं. या देशात ज्याच्या-त्याच्या आजोबांना क्रॉस मिळालेला आहे, ते म्हणाले. इतके सगळे क्रॉस खरे असते तर बोल्शेविक लढायला आलेच नसते, त्यांनी टपालानं शरणागती पाठवली असती. सगळे हसले. होणारा जावई तितुसही हसला आणि मग शेजारी बसलेल्या नवरीकडे, कालिनाकडे, बघून हसायचा थांबला. या जेवणाची परतफेड मे महिन्यात पाचोरेकांकडे ठरलीच होती. तेव्हा पाहू, कर्नलसाहेब म्हणाले. भिंग घेऊन येतो.

घरी येताना बसमध्ये बोगुमिलाबाई म्हणाल्या की काहीतरी बोला म्हणजे हवेबद्दल बोला असं मी सुचवत होते.

आता, लुदोमिरराव खोटं बोलले नव्हते, हे आधीच सांगून टाकलं पाहिजे. क्रॉस होता. तो घरात नव्हता, एवढंच. आजोबा बाल्ताझार लढाईतून क्रॉस घेऊन आले आणि लढाईत लागलेली तहानही घेऊन आले. क्रॉस दोनदा गुत्त्यात गहाण पडला, दोनदा आजीने सोडवून आणला. तिसऱ्यांदा तो सुटला तो घरी आलाच नाही. आपोलोनियाआजीने तो सरळ देवळात नेला आणि लिपोवाच्या मारियामातेला वाहिला. माउलीच्या चित्राच्या दोन्ही अंगांना दाराच्या झडपांसारखी, लाल मखमल लावलेली पाखं आहेत, आणि त्यांच्यावर गावाने शेकडो वर्षं नवस फेडलेत: चांदीची हृदयं, चांदीचे हात, पाय, पोवळ्याच्या माळा. त्यांच्यात आजीने क्रॉस शिवला. ती खोगिरं शिवणाऱ्याची मुलगी. टाके असे घातले की खुद्द ज्याने क्रॉस मिळवला त्याच्यानेही तो तिथून निघू नये. तोच तर हेतू होता.

लहानपणी वडिलांनी लुदोमिररावांना उचलून दाखवलं होतं: तो बघ, चांदीच्या पायाच्या खाली. तेव्हापासून दर रविवारी ते तो लांबून बघत आलेले होते. मागची बाजू त्यांनी पाहिली नव्हती. वडिलांनी पाहिली नव्हती. आजोबांनी गुत्त्यात पाहिली असेल, पण तिथे त्यांना सगळंच दोनदोन दिसत असे. आणि त्या बसमध्ये, बायकोचं बोलणं ऐकता ऐकता, लुदोमिररावांच्या मनात प्रथमच आलं, की मागे काहीच नसलं तर? आजोबांनी खरा कुठे हरवून दुसरा कुठून आणलेला असला तर? मीटर खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे लवकर सुचतं, की समोर आकडा एक आणि आत भलतंच.

दुसऱ्या दिवशी ते फादर बोनिफात्सींना भेटले. मागणं साधं होतं. एका रविवारपुरता आजोबांचा क्रॉस हवा, सोमवारी सकाळी परत. फादरनी त्यांना चहा दिला, केक दिला, कालिनाची चौकशी केली आणि सांगितलं की ते अशक्य आहे. "क्रॉस तुमचा नाही, माझाही नाही. माउलीचा आहे. तिला दिलेलं मी कसं देऊ? तिला विचारा." लुदोमिररावांनी विचारायचं कुठे असं विचारलं. फादर म्हणाले, तसं बिशपसाहेबांच्या कचेरीत, पण तिथून उत्तर येईपर्यंत नातवंडांच्या लग्नाची वेळ येईल. शिवाय जुन्या वस्तूंवर नजर ठेवणारं सरकारी वारसा खातं आहे.

वारसा खात्याच्या सेवेरिनाबाई तरुण होत्या, हुशार होत्या आणि त्यांचं आपल्या कामावर प्रेम होतं, म्हणजे तिन्ही दृष्टींनी आशा नव्हती. त्यांनी नोंदवही काढून दाखवलं की चित्र, चौकट, दोन पाखं आणि पाखांवरचं यच्चयावत सामान ही सरकारच्या लेखी एकच वस्तू आहे. क्रॉस तेवढा मागणं म्हणजे पुतळ्याचा कान घरी मागण्यासारखं. मी पुतळ्याचा कान मागत नाहीये, लुदोमिरराव म्हणाले, मी माझ्याच आजोबांचा... "आजोबांचाही नोंदीत उल्लेख आहे," बाई आपुलकीनं म्हणाल्या, "'दाता अज्ञात' असा."

अज्ञात! ज्या घराण्याची इज्जत वाचवायला ते हिंडत होते, ते सरकारदफ्तरी जन्मलंच नव्हतं. लुदोमिररावांनी टोपी घातली ती उलटी, आणि बसथांब्यापर्यंत तशीच होती.

एव्हाना ही गोष्ट त्यांच्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक झालेली होती, कारण बोगुमिलाबाईंनी ती कोणालाही सांगायची नाही या अटीवर सगळ्यांना सांगितली होती. सल्ले येऊ लागले. तळमजल्यावरच्या हिरोनिमरावांचं मत असं, की क्रॉस जर्मनांनी नेला म्हणून सांगावं. "सगळ्यांचं सगळं जर्मनांनीच नेलंय. त्यात एक आणखी. त्यांना काय फरक पडतो?" पण व्याह्यांना 'आहे' असं सांगून झालं होतं, आणि आता येऊन चोरी करायला जर्मन कुठून आणणार? मग हिरोनिमरावांनी बाजारातून नकली आणण्याचा सल्ला दिला. ज्याची भिंत असल्या वस्तूंनी भरलीय त्याला नकली दाखवायचा, म्हणजे बेकरीवाल्याला शिळा पाव विकायचा, असं म्हणून लुदोमिररावांनी तो फेटाळला. त्यापेक्षा लग्नच मोडा, तिसरा सल्ला आला. हिरोनिमरावांची सल्ला द्यायची तयारी अमर्याद होती. कालिना तेव्हा जिन्यावरूनच चालली होती. ती म्हणाली, "बाबा, माझ्यासाठी करत असाल तर करू नका. तितुसला क्रॉसचं काही नाही." लुदोमिरराव म्हणाले, प्रश्न तितुसचा नाही.

तोड काढली ती दुसऱ्या मजल्यावरच्या गेनोवेफाबाईंनी. वयाने ऐंशीच्या पुढच्या, जपमाळ मंडळाच्या अध्यक्ष, आणि पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याच्या पिशवीत काय आहे ते सांगणाऱ्या. त्या म्हणाल्या, "अरे लुदोमिर, क्रॉस माउलीला सोडून येत नसेल, तर माउलीलाच घरी बोलव की."

आता हे काही जगावेगळं नव्हतं. दर मे महिन्यात लिपोवाची माउली घरोघर जातेच. एक दिवस, एक रात्र एका घरी मुक्काम, शेजारीपाजारी येऊन प्रार्थना करतात, दुसऱ्या दिवशी पुढचं घर. पण ती जाते ती वाड्यावस्त्यांत, शेतकऱ्यांच्या बैठ्या घरांत. या इमारतीत ती कधी आलेली नव्हती. इमारत कम्युनिस्टांच्या, देव नसलेल्या काळात बांधलेली, आणि जिनाही त्याच काळाच्या मापाचा.

फादर बोनिफात्सींना हे सांगितल्यावर ते खुर्चीतून उठले आणि त्यांनी लुदोमिररावांना मिठी मारली. किती वर्षं ते या इमारतीतून बोलावणं येण्याची वाट बघत होते. क्रॉसचा विषय त्यांनी परत काढलाच नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे बँड होता, स्वयंसेवक अग्निशामक दलाचे पितळी शिरस्त्राणातले जवान होते आणि मिरवणूक होती. लुदोमिरराव बिचारे भिंगाचा विचार करत होते. श्रद्धाळू म्हणून आपली ख्याती होते आहे आणि ती थोपवायला फार उशीर झालेला आहे, एवढं त्यांना कळलं. कचेरीत एरवी त्यांना न ओळखणारी खजिनदार बाई दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलाशी येऊन म्हणाली, माझ्या गुडघ्यांसाठी दोन शब्द टाका.

सेवेरिनाबाईंनी परवानगी दिली, पण अटींसह. त्या स्वतः सोबत राहणार. हात कोणी लावायचा नाही. घराच्या हवेत दमटपणा नको, सबब चित्र घरात असेपर्यंत चुलीवर वाफेचं काही शिजवायचं नाही. ज्योत नको. फादरांचं म्हणणं, मेणबत्त्यांशिवाय माउलीचं स्वागत म्हणजे पाहुण्याला अंधारात बसवणं. तडजोड अशी निघाली की मेणबत्त्या असतील, पेटलेल्या असतील, पण प्रत्येकीपाशी आग विझवण्याचं नळकांडं घेऊन एकेक जवान उभा राहील. लुदोमिररावांनी हे दोन्ही पक्षांना पटवून दिलं आणि आयुष्यात प्रथमच आपल्यात मुत्सद्दी दडलेला आहे असं त्यांना वाटलं. मग ते घरी आले आणि वाफेचं बायकोला सांगितलं.

"सुपाशिवाय?" बोगुमिलाबाईंनी विचारलं. "रविवारी? व्याह्यांना? गार डुकराचे पाय आणि लोणच्याची काकडी वाढू का? त्यापेक्षा मुलीला तसंच पाठवते, ओढणी गुंडाळून."

त्या रडल्या नाहीत. त्या पीठ मळायला लागल्या, आणि ते जास्त भयंकर होतं. शेवटी सूप गेनोवेफाबाईंच्या चुलीवर, भरलेली कोबीची पानं हिरोनिमरावांकडे, असं जेवण मजल्यामजल्यावर विखुरलं. या उपकाराच्या बदल्यात गेनोवेफाबाईंनी प्रार्थनेचं पुढारपण मागून घेतलं आणि हिरोनिमरावांनी जेवायचं आमंत्रण.

राहिली गृहनिर्माण संस्था. तिच्या नियमात जिन्यातून चित्र नेण्याची सोयच नव्हती. कपाट होतं, पलंग होता, पियानो होता. अध्यक्षांनी बराच विचार केला. पलंग म्हणणं त्यांना पापाचं वाटलं. शेवटी 'एक पियानो, धार्मिक' अशा नावाने परवानगी निघाली आणि लुदोमिररावांनी पियानोवाल्याची सही केली.

तो रविवार उजाडला. इमारतीच्या खिडक्याखिडक्यांतून पांढऱ्या-निळ्या फिती सुटलेल्या. जिना असा घासलेला की हिरोनिमराव सकाळीच एकदा पडून घेऊन मोकळे झाले. दुपारी चौकातून बँड ऐकू आला, मागे मुलींच्या फुलांच्या परड्या, मग पितळी शिरस्त्राणं उन्हात झळकत, त्यांच्या खांद्यावर माउली, बाजूला फादर, आणि मागे हातात हवेतला ओलावा मोजायचं यंत्र धरलेल्या सेवेरिनाबाई. लुदोमिरराव काळ्या सुटात दाराशी उभे होते. हे सगळं आपल्यासाठी येत आहे आणि आपल्याला मात्र एक इंचभर धातू उलटून बघायचा आहे, या विचाराने त्यांच्या कॉलरखाली घाम आला.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या वळणावर माउली अडकली.

पाखं मिटतात असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मिटत असत, पण कोणा जुन्या फादरांनी बिजागऱ्यांसकट सगळ्यावर सोनं चढवून घेतलं होतं. उजवं पाख भिंतीला, डावं कठड्याला. वर जाईना. खाली जायचं म्हटलं, तर खाली सगळी मिरवणूक पायऱ्यांवर चढून बसलेली, आणि बँडमधला ट्युबावाला आपल्या पिंपाएवढ्या पितळी कर्ण्यासकट पहिल्या मजल्यावर वळून उभा, त्याला मागे सरकताच येईना. दलाच्या प्रमुखाने एकदा रेटून बघू का असं विचारलं. सेवेरिनाबाईंनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

आणि नेमके तेव्हा खाली कर्नलसाहेब आले. सोबत पत्नी लेओकादियाबाई, तितुस, आणि फुलांचा गुच्छ. ते गर्दी चिरत वर आले. लष्करी माणसाला गर्दी वाट देते, आणि गेनोवेफाबाई वरून ओरडतच होत्या की व्याही आहेत, सोडा त्यांना, सूप गार होतंय. वळणावर कर्नलसाहेब थबकले. चित्राकडे पाहिलं, शिरस्त्राणांकडे पाहिलं, घामाघूम व्याह्यांकडे पाहिलं.

"लुदोमिरराव, हे काय?"

"तुम्ही क्रॉस बघायचा म्हणाला होतात," लुदोमिरराव म्हणाले. "आणवलाय."

कर्नलसाहेबांच्या आयुष्यात लोकांनी क्रॉस डब्यातून, रुमालातून, एकाने तर सॉसेजच्या पुड्यातून आणून दाखवले होते. असा कोणी आणला नव्हता. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर आदर दिसला. पण संग्राहकाची जात, ती खिशात हात घालतेच. त्यांनी भिंग काढलं. मग दुसऱ्या खिशातून दातांच्या डॉक्टराकडे असतो तो लांब दांडीचा छोटा आरसा काढला. वस्तूला हात न लावता मागून बघायला हाच बरा, ते सेवेरिनाबाईंना म्हणाले, आणि बाईंना अटींत आरशाचा उल्लेख सापडेना.

लुदोमिररावांचं हृदय त्या चांदीच्या हृदयांइतकं थंड आणि जड झालं. मागे काय असेल? नंबर, की कोरी चांदी? सबंध इमारतीसमोर, फादरांसमोर, कचेरीतल्या खजिनदार बाईसमोर ठरणार होतं.

क्रॉस होता चांदीच्या पायाच्या खाली, म्हणजे पाखाच्या अगदी तळाशी. आरसा तिथे घालायला वाकून भागेना. कर्नलसाहेबांनी पॅन्टची इस्त्री सांभाळत एक गुडघा टेकला, मग दुसरा.

"कर्नलसाहेब गुडघ्यावर," गेनोवेफाबाई भरल्या आवाजात म्हणाल्या, आणि त्या स्वतः टेकल्या. त्यांच्या वरचे टेकले, खालचे टेकले. पायरीगणिक टोप्या उतरत गेल्या आणि तळमजल्यापर्यंत सगळा जिना गुडघ्यावर बसला. ट्युबावाल्याला बसता येईना, त्याने मान झुकवली. फादर बोनिफात्सी संधी सोडणारे नव्हते. त्यांनी मे महिन्याची स्तोत्रमाला सुरू केली. तिच्यात माउलीची नावं एकामागून एक येतात आणि प्रत्येक नावाला सगळ्यांनी 'आमच्यासाठी विनव' म्हणायचं असतं. नावं पुष्कळ आहेत. स्तोत्रमाला चालू असताना उठून उभं राहणं लिपोवात तरी आजवर कोणी केलेलं नाही, आणि आरसा घेऊन माउलीच्या मखमलीत डोकावणंही नाही. कर्नलसाहेबांनी आरसा मुठीत दडवला आणि तेही म्हणू लागले, आमच्यासाठी विनव.

शेवटच्या 'आमेन'ला सगळे उठले. कर्नलसाहेब उठले नाहीत. गेनोवेफाबाईंना वाटलं, भक्ती. लेओकादियाबाईंना मात्र नवरा ठाऊक होता. त्यांनी खाली वाकून विचारलं, आणि उत्तर ऐकून सरळ होत म्हणाल्या, "कंबर धरलीय."

आरसा त्यांच्या मुठीतून सुटला, कठड्यातून खाली गेला आणि कुठेतरी ट्युबात पडल्याचा आवाज आला.

मग पेच असा, की कर्नलसाहेबांना उचलायला चित्र हलवायला हवं होतं आणि चित्र हलवायला कर्नलसाहेबांना. दलाच्या प्रमुखाने शेवटी कठडाच कापला. पियानोसाठी कठडा काढायची तरतूद नियमात होती, असं संस्थेच्या अध्यक्षांनीच वरच्या मजल्यावरून सांगितलं. आधी माउली वर गेली, मागोमाग चार जवानांच्या हातांवर, बसल्या आसनात, गुडघे दुमडलेले तसे, कर्नलसाहेब. दार दोघांनाही उघडंच होतं. बैठकीत भिंतीला टेकून माउली, तिच्या पायाशी सोफा, सोफ्यावर लुदोमिररावांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात कर्नलसाहेब. मेणबत्त्या होत्या, नळकांडी होती. सूप खालून आलं तेव्हा सेवेरिनाबाईंचं यंत्र लालबुंद झालं. पण बाई सकाळपासून उपाशी होत्या. त्यांनी यंत्र पर्समध्ये ठेवलं आणि वाटी पुढे केली.

डॉक्टरांनी कर्नलसाहेबांना हलवायचं नाही म्हणून सांगितलं. माउलीलाही हलवता येईना, कारण उघड्या जिन्यावरून काहीही न्यायला संस्थेने कठडा लागेपर्यंत बंदी घातली होती. तेव्हा दोन्ही पाहुणे पाचोरेकांकडे राहिले. लेओकादियाबाई कालिनाच्या खोलीत झोपल्या आणि वऱ्हाडाच्या यादीतल्या कोणाकोणाला गाळायचं ते दोघींनी मिळून ठरवून टाकलं. इमारतीतले लोक पाळ्या लावून प्रार्थनेला येऊ लागले, आणि माउलीसमोर गुडघे टेकले की नाकासमोर कर्नलसाहेब येत. बायका मोठ्याने त्यांच्या कमरेसाठी साकडं घालत. खजिनदार बाई गुडघ्यांसाठी आली होती, पण त्यांना बघून तिनेही कंबर आधी घेतली. ज्यांनी हजार माणसांच्या पायमोज्यांची तपासणी केली, त्यांचे पायमोजे आता बोगुमिलाबाई काढत-घालत होत्या.

क्रॉस त्यांच्या उशीपासून वीतभर अंतरावर होता. आडवं पडून त्यांना दुसरं काही दिसतच नव्हतं. एका दुपारी बाया गेल्यावर लुदोमिररावांनी खुर्ची ओढली.

"काय वाटतं?" त्यांनी विचारलं. न विचारणं शक्यच नव्हतं.

कर्नलसाहेबांनी उशीवरच मान वळवून तो न्याहाळला. "कडा झिजल्यात. डाव्या भुजेवर पोचा आहे. तुमचे आजोबा पडायचे का?"

"पडायचे."

"डाव्या अंगावर?"

"जसा गुत्ता सापडेल तसे."

"समोरून खरा वाटतो," कर्नलसाहेब म्हणाले. मग टाक्यांकडे बघत, "आजीनं शिवलाय भारी हो."

मागच्या बाजूचं दोघांपैकी कोणी बोललं नाही. पण लुदोमिररावांनी पाहिलं, की व्याह्यांचा हात एकदा पांघरुणातून निघाला, मखमलीच्या दिशेने थोडा गेला, आणि गेनोवेफाबाईंची चाहूल लागताच छातीवर क्रूसाची खूण करून परत पांघरुणात गेला.

कठडा बसला त्या सकाळी गेनोवेफाबाई निरोपाची प्रार्थना सांगत होत्या. प्रार्थना ऐन रंगात असताना कर्नलसाहेब उठले. म्हणजे त्यांना संडासला जायचं होतं आणि ते फार काळ सांगायला लाजत होते, पण उठले, उभे राहिले आणि चालत गेले, हे सगळ्यांनी पाहिलं. ते परत येईपर्यंत निम्मी इमारत रडत होती. फादर बोनिफात्सींनी दारातूनच बजावलं की चमत्कार हा शब्द कोणी वापरायचा नाही, कृपा म्हणा. गेनोवेफाबाई बरं म्हणाल्या आणि खिडकीतून खाली चमत्कार झाल्याचं ओरडून सांगितलं.

आणि लिपोवात कृपा झालेल्या माणसाने काय करायचं असतं, ते कोणाला सांगावं लागत नाही. सगळे नुसते कर्नलसाहेबांकडे बघत राहिले. हिरोनिमरावांनी चांदीची कंबर करून मिळते का अशी चौकशी सुरू केली. कर्नलसाहेब म्हणाले, एक मोठी मेणबत्ती... शांतता इतकी पडली, की मेणबत्तीजवळच्या जवानाने नळकांडं या हातातून त्या हातात घेतलं.

"रोमुआल्द," लेओकादियाबाई म्हणाल्या. "दिव्याखालचा."

कर्नलसाहेबांचा चेहरा पाहून लुदोमिररावांना खरोखर वाईट वाटलं. आपल्याला हवी होती एवढी फेड झाली होती. ही वर जास्त येत होती. ते पुढे होऊन म्हणालेही, की अहो राहू द्या, कंबरदुखीला एवढं कशाला. पण तेवढ्याने कर्नलसाहेबांचा स्वाभिमान जागा झाला. पाचोरेकांच्या आजीने दिला आणि तोपोल्स्की कमी पडले, हे ऐकून घ्यायला ते तयार नव्हते. त्यांनी तितुसला घराची किल्ली दिली.

दिव्याखालचा व्हिर्तुती मिलितारी पेटीतून आला. नंबरसकट, कुळकथेसकट. बोगुमिलाबाईंनी तो सगळ्यांसमोर बाल्ताझार आजोबांच्या क्रॉसशेजारी शिवला. मागची बाजू मखमलीकडे, जशी रीत. त्या शिवणाऱ्याच्या घराण्यातल्या नव्हत्या, म्हणून त्यांनी टाके आजीपेक्षा दुप्पट घातले. सेवेरिनाबाईंनी हात न लावायची अट सुईदोऱ्यापुरती माफ केली, तिथल्या तिथे नोंद केली आणि 'दाता अज्ञात' खोडून दोन्ही नावं लिहिली. आता ते सगळं मिळून परत एकच वस्तू झालं होतं. मग माउली बँडच्या तालावर, नव्या कठड्याला न घासता, कशी कोण जाणे, खाली उतरली.

लग्न ऑगस्टात झालं. कर्नलसाहेबांचे एक संग्राहक मित्र क्राकोहून आले होते. मधल्या पेटीतली रिकामी जागा त्यांनी पाहिली होती, सगळी हकीकत ऐकली होती. सूप संपून बदक यायचं होतं. त्या शांततेत ते लुदोमिररावांकडे वळून म्हणाले, "तुमच्या आजोबांचाही तिथे आहे म्हणे. मागे नंबर आहे का त्याच्या? कोणी पाहिलाय?"

लुदोमिररावांनी पावाचा तुकडा हातात घेतला. आता शहाणपणा करायचा असं त्यांनी ठरवलं होतं, त्यामुळे ते बोलले नाहीत. बोलले कर्नलसाहेब. त्यांनी काटा खाली ठेवला, रुमालाने मिशी पुसली.

"मी त्या क्रॉसशेजारी झोपलोय," ते म्हणाले. "आमच्या व्याह्यांच्या आजोबांबद्दल तुम्हाला आणखी काय विचारायचं असेल ते मला विचारा."